बरोबर आलेला अंदाज

माझ्या निवृत्तीच्या समारंभात विभागप्रमुख भाषणात म्हणाले, "मॅडम का अंदाज़ा कभी ग़लत नहीं निकला." टाळ्या झाल्या. मी हातातल्या गुच्छाकडे बघत राहिले. नवऱ्याला वाटलं, मला भरून आलंय. भरून वगैरे आलं नव्हतं. मला लाज वाटत होती.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "मृत्यूच्या दारातून परत आणलेल्या पेशंटविषयी लिहा, लोकांना आवडतं." असे पेशंट माझ्याकडे बरेच आहेत. त्यातल्या एकाविषयीच लिहिते. त्यांना मी परत आणलं, यात शंका नाही. ते ठणठणीत होतील असं मी सांगितलं होतं आणि आमच्या पुस्तकांच्या हिशोबाने ते ठणठणीत झालेसुद्धा.

आधी आमचं काम थोडं सांगायला हवं. मी दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मेंदूची शस्त्रक्रिया करत असे. आमच्याकडे येणारे निम्मे लोक डोक्याला मार लागलेले. स्कूटरवरून पडलेले, बसखाली आलेले, बांधकामावरून कोसळलेले, पतंग उडवताना गच्चीवरून खाली गेलेले. माणूस आत आला की आम्ही तीन गोष्टी बघतो. हाक मारल्यावर डोळे उघडतो का, बोलतो का आणि बोललेलं समजून हात हलवतो का. हाकेला ओ देत नसेल तर चिमटा काढून बघायचं. याला गुण असतात. सगळं नीट असलं तर पंधरा, काहीच नसलं तरी तीन. मग डोळ्यांच्या बाहुल्यांवर बॅटरी मारायची, वय विचारायचं, स्कॅन बघायचं. या सगळ्याची बेरीज डोक्यात करून बाहेर व्हरांड्यात जायचं. तिथे नातेवाईक उभे असतात.

नातेवाईक तीनच प्रश्न विचारतात. वाचेल का? शुद्धीवर येईल का? पहिल्यासारखा होईल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला चांगली देता येत. माझ्या वेळी या शाखेत बायका जवळजवळ नव्हत्याच. ऑपरेशनला उभी राहिले की कुणीतरी मुद्दाम माझ्या बोटांकडे बघे, थरथरतात का म्हणून. अशा ठिकाणी आपलं म्हणणं खरं ठरलं की किंमत वाढते. मी तोलून बोलायला शिकले, आणि बोलले की ते खरं ठरायचं. हाताखालचे रेसिडेंट डॉक्टर मला पाठीमागे 'ज्योतिषी मॅडम' म्हणत, हे मला माहीत होतं. आवडतही होतं. एकदा चांदणी चौकातलं एक कुटुंब आपल्या मुलाबरोबर घरचे पंडितजीही घेऊन आलं होतं. मी काय सांगते ते पंडितजी लक्ष देऊन ऐकत, आणि मग पत्रिका उघडून तेच सांगत. आमचं छान जमलं. मुलगा बरा झाला. श्रेय त्यांनी घेतलं, आणि जाताना मला नमस्कार करून म्हणाले, "आपकी विद्या भी बुरी नहीं है."

मनोहर गद्रे आमच्याकडे आले ते ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात. दिल्लीत सीटी स्कॅन नवीनच आलं होतं. गद्रे एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. सकाळी धुक्यातून स्कूटरवर ऑफिसला निघाले होते. धौला कुआँपाशी बसचा धक्का लागला. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. हेल्मेट एकीकडे, ते एकीकडे. कपाळामागच्या मेंदूला दोन्ही बाजूंनी मार बसला होता आणि एका बाजूला रक्त साकळलं होतं. मी कवटी उघडून ते काढलं.

बाहेर त्यांच्या पत्नी कुमुदताई उभ्या होत्या. शाळेत शिकवत. शेजारी कॉलेजात जाणारी मुलगी, मेधा. मी मराठी आहे हे कळल्यावर कुमुदताईंचा चेहरा एकदम सैल झाला. दिल्लीत हे नेहमी होतं. बाहेर दिवसभर हिंदी बोलणारी माणसं संकटात सापडली की मराठी कान शोधतात.

"डॉक्टर, वाचतील ना?"

"वाचतील."

"बोलतील? ओळखतील?"

"ओळखतील. चालतील, बोलतील. थोडा वेळ लागेल. पण पहिल्यासारखे होतील."

"नक्की?"

"माझा अंदाज चुकत नाही," मी म्हणाले.

त्या माझा हात धरून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

गद्रे शुद्धीवर आले. बोलू लागले, चालू लागले. घरी जायच्या दिवशी नर्सला तिच्या रंगावरून काहीतरी लागेल असं बोलले. कुमुदताई ओशाळल्या. "हे असं कधी बोलत नाहीत हो." मी हसून म्हटलं, "मेंदू थकलाय. जाईल ते."

पुढे त्या त्यांना घेऊन ओपीडीत आल्या. गद्रे खुर्चीत ऐसपैस बसले. मी तारीख विचारली, त्यांनी सांगितली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, माझ्यापेक्षा भराभर केले. हात समोर धरले, डोळे मिटून एका रेषेत चालले. मी कागदावर 'उत्तम' लिहिलं. आमच्याकडे निकालाच्या पाच पायऱ्या असतात. सगळ्यात खाली मृत्यू, सगळ्यात वर उत्तम. गद्रे वरच्या पायरीवर होते.

"डॉक्टर, एक सांगायचं होतं," कुमुदताई म्हणाल्या. "हे वेगळे झालेत."

"वेगळे म्हणजे?"

त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्यासमोर कसं सांगायचं? गद्रेच म्हणाले, "हिला सवय आहे काळजी करायची. मला काय झालंय? धडधाकट आहे."

बाहेर ओपीडीची रांग जिन्यापर्यंत गेलेली. मी म्हटलं, "थोडं सांभाळून घ्या. होतील पहिल्यासारखे." कुमुदताई काहीतरी बोलणार होत्या, पण पुढचा पेशंट आत आला होता. त्या पुन्हा एकदा आल्या. तेव्हाही असंच झालं.

मग आमच्या विभागात बाहेरगावच्या डॉक्टरांसाठी व्याख्यानं झाली. मला डोक्याच्या दुखापतीतून कोण कसा बरा होईल, हे आधी कसं ओळखायचं, या विषयावर बोलायचं होतं. मी गद्र्यांचं स्कॅन दाखवणार होते, आणि मग प्रत्यक्ष गद्र्यांना मंचावर आणणार होते. मी फोन केला तेव्हा ते लगेच तयार झाले. कुमुदताईंनी विचारलं, "यायलाच हवं का?" मी म्हटलं, "त्यांच्यामुळे कितीतरी डॉक्टर शिकतील." त्या बरं म्हणाल्या.

सभागृह भरलं होतं. स्कॅन बघून लोक कुजबुजले. मी म्हटलं, आता हे गृहस्थ बघा. गद्रे मंचावर आले, सूट घालून, भांग पाडून. चालून दाखवलं, हात धरून दाखवले. टाळ्या पडल्या. समोरच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी प्रेमाने विचारलं, "और घर में सब ठीक?"

"कहाँ ठीक है, साहब," गद्रे मोठ्याने म्हणाले. "बीवी बेटी के कमरे में सोती है. अंदर से कुंडी लगाके. पूछिए क्यों."

सभागृह हसलं. गद्रे खूश झाले. क्यों ते त्यांनी कुणी न विचारताच सांगायला सुरुवात केली. ते मी इथे लिहिणार नाही. लोक आणखी हसले. हसणारे वाईट नव्हते. अवघडले की माणसं हसतात. मीही हसले. हलकंसंच, पण हसले.

कुमुदताई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि मधल्या वाटेने सावकाश पुढे आल्या. पदर दोन्ही खांद्यांवर घट्ट ओढलेला. मंचापाशी येऊन त्या मराठीत म्हणाल्या, "चला. घरी जायचंय."

"अगं थांब, लोकांना मजा येतेय," गद्रे म्हणाले.

मग कुमुदताईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज अजिबात चढला नव्हता. "आता दिसलं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

सभागृहात मराठी कळणारी बहुधा मी एकटीच होते. बाकीच्यांना वाटलं, बाई आभार मानतायत. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी व्याख्यान पुढे चालू ठेवलं. काय बोलले ते आठवत नाही.

पुढच्या रविवारी मी आर. के. पुरमला त्यांच्या क्वार्टरवर गेले. पेशंटच्या घरी जायची माझी ती पहिलीच वेळ. दार गद्र्यांनीच उघडलं. "या, या. तुम्ही जाड दिसताय आज," म्हणाले. मेधा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. कुमुदताईंनी चहा टाकला आणि मला स्वयंपाकघरातच स्टुलावर बसवलं.

"मी माफी मागायला आलेय," मी म्हटलं.

"त्या दिवसाची?"

"हो."

"त्या दिवसाचं काही नाही," त्या म्हणाल्या. "असे दिवस रोजच असतात आमच्याकडे." मग त्यांनी सांगितलं. ऑफिसात गद्रे एका बाईंना काहीतरी बोलले होते आणि चौकशी लागली होती. गणपतीत मंडळाच्या लोकांनी निरोप पाठवला होता, यंदा त्यांना आणू नका. मेधाच्या मैत्रिणी घरी येईनाशा झाल्या होत्या. "शुद्धीवर आले हो, पण भानावर नाही आले," त्या म्हणाल्या. मी आयुष्यभर 'शुद्ध' मोजली होती. 'भान' नावाचं काही वेगळं असतं, हे मला माझ्याच भाषेत कुणी असं सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला एक सांगू का?" चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, पहिल्यासारखे होतील. मी धरून बसले. मग ते तसे वागले की मला वाटायचं, बरे तर झालेत, मग हे मुद्दाम करतायत. मी त्यांच्यावर ओरडायचे, बोलणं टाकायचे. एकदा हातही उगारला. त्यांच्या डोक्यातच काही बिघडलंय असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्यांच्याशी इतकी वाईट वागले नसते."

त्यांनी कप माझ्या हातात दिला. तो घ्यायलाही मला जड गेलं. दोष देण्यासाठी त्या बोलत नव्हत्या. स्वतःचीच चूक कबूल करत होत्या, आणि तीही माझ्यासमोर.

बाहेरच्या खोलीत मी गद्र्यांशी बोलले. आपण जे बोलतो त्याने लोक दुखावतात, हे तुम्हाला कळतं का, असं सरळच विचारलं. त्यांनी थोडा विचार केला.

"कळतं," ते म्हणाले. "बोलून झालं की हिच्या चेहऱ्यावर दिसतं."

"मग वाईट वाटतं?"

"लाज वाटते की. पण उशिरा येते हो. आधी यायला पाहिजे ना ती? ती बोलून झाल्यावर येते."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

हातात होतं तेवढं केलं. त्यांच्या ऑफिसात जाऊन वरिष्ठांना भेटले, स्कॅन दाखवून समजावलं की कपाळामागचा मेंदू आपल्याला आवर घालतो, तोच दुखावलाय, यात या माणसाच्या चारित्र्याचा संबंध नाही. चौकशी थांबली. गद्र्यांना आजारपणावरून निवृत्ती मिळाली. कुमुदताईंनी मला धन्यवाद दिले तेव्हा मी विषय बदलला.

त्यानंतर माझी एक सवय बदलली. व्हरांड्यात नातेवाइकांनी 'पहिल्यासारखा होईल का' विचारलं, की मी आधी विचारी, "कसा होता?" रेसिडेंटांना हा वेळेचा अपव्यय वाटे. पण मला उत्तरं ऐकावी लागत. मोटारींच्या कारखान्यात काम करणाऱ्या एकाच्या बायकोला मी असंच विचारलं, तर ती डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणाली, "पहले जैसा मत करना, डॉक्टर साहब. पहले बहुत मारता था." आमच्या पाच पायऱ्यांत त्या बाईच्या मागण्याला जागा नव्हती.

काही वर्षांनी कुमुदताईंचा फोन आला. मेधाने लग्न ठरवलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला. त्याचे वडील, जगताप, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, कँटोन्मेंटजवळ राहत. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की मुलीचा बाप वेडा आहे. ते भेटायला येणार होते. "तुम्ही याल का?" कुमुदताईंनी विचारलं. "मी सांगितलं तर बायको सांभाळून घेतेय असं वाटेल. तुम्ही सांगा. पण खरं सांगा."

तिथे जाताना मला जितकी भीती वाटली तितकी कुठल्याही ऑपरेशनला वाटली नसेल.

लग्न झालं, हे आधीच सांगून टाकते. जगताप मंडळी भली निघाली. मेधा सुखात आहे. पण त्या दुपारचं मला वेगळंच काही सांगायचंय.

सुभेदार ताठ बसले होते. त्यांच्या पत्नी पोह्यांची बशी हातात धरून. गद्रे येऊन बसले आणि त्या बाईंच्या नाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही चमकी खोटी असणार." मेधाने डोळे मिटून घेतले. त्या बाईंनी नाकाला हात लावला.

सुभेदार माझ्याकडे वळले. "डाक्टर, आम्ही सरळ माणसं. हे आजारपण पोरीत उतरणार का?"

"नाही," मी म्हटलं. "हा आजार नाही, मार आहे. तुमच्या जवानाला गोळी लागली तर ती मुलाला लागत नाही, तसं."

त्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं. मग म्हणाले, "आणि हे बरे होणार का? पहिल्यासारखे?"

कुमुदताई माझ्यासमोरच बसल्या होत्या. त्यांनी नजर हलवली नाही.

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यासारखे होणार नाहीत. मी तसं सांगितलं होतं. सांगायला नको होतं."

कुमुदताईंनी श्वास सोडला, इतक्या वर्षांचा कोंडलेला असावा तसा. सुभेदारांच्या पत्नींनी बशी खाली ठेवली आणि त्या कुमुदताईंजवळ सरकून बसल्या. मला वाटलं, माझं काम संपलं.

तेवढ्यात गद्र्यांनी विचारलं, "डॉक्टर, पहिला मी कसा होतो?"

चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं ते बेशुद्ध असताना, स्ट्रेचरवर. त्याची कवटी मी आतून पाहिली होती, तो माणूस मी कधीच पाहिला नव्हता. ज्याची ओळखच नाही तो पहिल्यासारखा होईल, हे मी त्याच्या बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी तुम्हाला आधी भेटले नव्हते."

मग ते बायकोकडे बघू लागले. पाहुण्यांकडे न बघता, कुमुदताई त्यांच्याशीच बोलल्या. "हळू बोलायचात तुम्ही. फार हळू. मी तीनदा 'काय?' म्हणायचे. कुणाकडे गेलो की दारातल्या सगळ्यांच्या चपला ओळीत लावून ठेवायचात. मेधाला रागवायचं असलं की आधी मला विचारायचात, रागावू का म्हणून. आणि कुणाच्या दिसण्याविषयी घरात कुणी बोललेलं तुम्हाला खपायचं नाही."

गद्रे मन लावून ऐकत होते. एखाद्या दूरच्या नातेवाइकाची हकिकत ऐकावी तसे. मधेच त्यांनी मान डोलावली.

"चांगला होता की," ते म्हणाले.

"हो," कुमुदताई म्हणाल्या, "चांगले होते," आणि त्यांच्या शर्टाचं वरचं उघडं राहिलेलं बटण लावून दिलं.